न मुरणारं पाणी

प्रणित भोईरने बादलीभर पाणी हिरवळीवर ओतलं आणि मोबाइलमध्ये वेळ लावून तो उकिडवा बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी जागचं हललं नाही. वरून पेरूचं एक पान पडलं, तेही त्यात आरामात तरंगायला लागलं. प्रणितने पानाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. गेले पंधरा दिवस तो सारखं डोकंच खाजवत होता.

ही हिरवळ खोटी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. प्लास्टिकच्या पात्यांची, रोलमध्ये येणारी, सतरंजीसारखी अंथरायची. पनवेलच्या बंगल्यांमधून आणि सुकापूरच्या नव्या रो-हाउसमधून असं टर्फ घालून देणं आणि बिघडलं की दुरुस्त करणं हा प्रणितचा धंदा. विचुंब्यात त्याच्या आळीत कोणाला टर्फ म्हटलेलं कळायचं नाही. त्याचा बाप काशीराम तर त्याला सरळ 'खोट्या गवताचा माली' म्हणायचा, आणि तेही पाहुण्यांसमोर.

अंगण होतं शालोम पेणकर सरांचं. सरांनी पनवेलच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. प्रणित त्यांचा विद्यार्थी. आठवीत सरांनी मातीचे प्रकार शिकवले तेव्हा हा पठ्ठ्या खिडकीबाहेर कुत्र्यांची भांडणं बघत होता, आणि आता त्याच मातीत त्याचं पोट होतं. जानेवारीत सरांना लकव्याचा झटका आला आणि उजवा पाय गेला. डॉक्टरांनी सरांच्या बायकोला, हेप्झिबाकाकूंना, स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या वर्षात पायात जेवढं येईल तेवढं येईल, पुढे फारशी आशा धरू नका. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस फेऱ्या, अनवाणी, मऊ आणि सपाट जमिनीवर. शक्यतो एक दिवसही चुकवायचा नाही.

आता मऊ आणि सपाट जमीन पनवेलमध्ये आणायची कुठून? घरातल्या आणि ओटीवरच्या फरशीवर सर एकदा आपटले होते. अंगणात चिकण माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, पावसाळ्यात ती चप्पल ओढून घ्यायची. काकूंनी प्रणितला बोलावलं, प्रणितने मार्चमध्ये टर्फ घातलं, आणि सर वॉकर धरून चालायला लागले. मे महिन्यात पाय थोडा उचलायला लागला. काकूंनी त्या दिवशी प्रणितला फोन करून सांगितलं आणि त्याला नोकरीवाल्यांना बढती मिळाल्यावर होतो तसा आनंद झाला.

जूनमध्ये माती फुगली. टर्फला मधेच टेंगळं आली, दोन रोलमधला जोड उघडला. यात प्रणितला काही नवल वाटलं नाही, चिकण मातीचा तो स्वभावच आहे. त्याने जोड उचकटला, खालची पट्टी बदलली, नवीन गोंद लावला, सिलिकाची वाळू ब्रशने पात्यांत भरली. महिन्याभराने टेंगळं परत आली. मग ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा त्याने मनावर घेतलं. सर आणि काकू नातेवाइकांकडे मलिद्याच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या नवसाच्या, कार्यक्रमाला म्हणून दोन दिवस ठाण्याला गेले होते. तेवढ्यात टर्फ सगळं गुंडाळलं, खालची खडी एका बाजूला ढीग करून ठेवली, खाली मातीपर्यंत गेला आणि माती उन्हाला उघडी टाकून दुसऱ्या कामांना गेला. तिसऱ्या दिवशी सपाट मातीवर पाणी झिरपू देणारं कापड, खडी, दगडाचा बारीक कच आणि टर्फ असं सगळं रीतसर, पुस्तकातल्यासारखं घातलं.

आणि तिथून पुढे गाडीच उलटी फिरली. टेंगळं गेली, पण पाणी मुरेना. आधी जमीन वेडीवाकडी होती तरी पावसाची सर आली आणि गेली की तासाभरात पाणी उतरायचं. आता अंगण कॅरमसारखं सपाट, आणि पाणी संध्याकाळपर्यंत वर. सर भिंतीकडेच्या कोरड्या पट्ट्यावरून चालायचे, तेही वीसऐवजी दहा फेऱ्या. नाकाला पदर लावून काकू म्हणाल्या, "अरे प्रणित, वासही यायला लागलाय. आधी खराब होतं ते बरं होतं म्हणायची पाळी आली."

"काकू, मी बघतो," प्रणित म्हणाला. तो तेवढंच म्हणू शकत होता.

बघितलं त्याने पुष्कळ. टर्फच्या पाठीला भोकं असतात, ती बुजली असतील म्हणून एक तुकडा कापून नळाखाली धरला. पाणी चाळणीतून जावं तसं गेलं. वाळूत माती मिसळली असेल म्हणून वाळू धुतली. ती स्वच्छ निघाली. खालचं कापड खोटं असेल म्हणून त्याच गठ्ठ्यातलं कापड जिथे घातलं होतं त्या सुकापूरच्या बंगल्यावर जाऊन आला. तिथे मालकांची नात टर्फवर गडाबडा लोळत होती आणि पाण्याचा थेंब नव्हता. रोल तोच, कापड तेच, खडी त्याच खाणीची, मातीसुद्धा तशीच काळी, चिकट. मग व्हिडिओ बघितले. एक परदेशी माणूस चिकण मातीवर हसत हसत टर्फ घालत होता आणि त्याचं पाणी कुठे जातंय हे त्याला विचारायची सोय नव्हती. प्रणितला वाटायला लागलं की आपल्याला या धंद्यातलं काहीच कळत नाही, इतके दिवस नुसता दैवाने तरून गेलो.

"सोमवारी परत सगळं उचलतो," त्याने सरांना सांगितलं. "दोन दिवसांत देतो, सर."

सरांची जीभ अजून जड होती. त्यांनी शब्द जमवायला वेळ घेतला. "दोन... म्हणजे... दोनच ना?"

"दोनच, सर."

सोमवारी प्रणित आणि त्याचा कामगार निकेश यांनी टर्फ गुंडाळलं, खडी ओढली, कापड वर केलं. खाली माती होती आणि मातीवर बोटभर पाणी उभं होतं. एवढ्या दिवसांत खाली गेलंच नव्हतं. प्रणितने पाणी उपसलं आणि खालच्या मातीवर हात फिरवला. ती तुळतुळीत होती. त्याने चावीने ओरखडा काढून बघितला, चावी घसरली.

"निकेश, तू ऑगस्टमध्ये एवढं काय धोपटलंस रे?"

"मी?" निकेश म्हणाला. "मी कुठे काय केलं?"

"मग मी तुला शाबासकी दिली ती कसली? मी सकाळी आलो तर जमीन आरशासारखी. म्हटलं, निकेश सुधारला."

निकेश पायाने खडी इकडेतिकडे करायला लागला. "दादा, मी आलो तेव्हा ती तशीच होती. मला वाटलं तुम्हीच केलंत. तुम्ही शाबास म्हणालात, मग मी गप्प बसलो."

म्हणजे शाबासकी फुकट गेली होती आणि जमीन आपोआप तयार झाली होती! प्रणितला एक क्षण खरंच भुताटकी वाटली. घराला कुलूप, फाटक नुसतं कडी लावलेलं, दोन दिवस अंगणात कोणी नाही, आणि जमीन मात्र तयार. चोर येतात ते काहीतरी घेऊन जातात. येऊन जमीन सपाट करून जाणारा चोर त्याने ऐकला नव्हता. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही ठाण्याला होतो रे, मला काय ठाऊक?"

तो भिंतीच्या कडेने ओणवा होऊन माती बघत चालला. मधल्या भागावर कोणीतरी फळी फिरवली होती, पण पेरूच्या झाडाजवळ, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, फळी पोचली नव्हती. तिथे मातीत खुणा होत्या. टाचांच्या. एकापुढे एक, तिरप्या ओळीत, प्रत्येक टाच आधीच्या टाचेवर अर्धी आलेली. आणि जिथे अख्खं पाऊल उमटलं होतं तिथे उजव्या पायाची करंगळी नव्हती.

प्रणित तिथेच बसला. ते पाऊल तो लहानपणापासून बघत आला होता. करंगळी मिठाने खाल्ली होती, जखम चिघळली आणि कापावी लागली.

काशीराम चाळीस वर्षं मिठागरात होता. मिठागरात मीठ बनवणं ही नंतरची गोष्ट, आधी वाफ्याचा तळ बनवायचा. चिखल ओला करायचा, अनवाणी पायांनी, टाचांनी, दिवसचे दिवस मळायचा, फळी फिरवायची, परत मळायचा. तळ असा झाला पाहिजे की समुद्राचं पाणी आत घेतलं तर ते वर उन्हातच आटावं, खाली एक थेंब जाऊ नये. तळ मळणाऱ्यांत काशीरामचं नाव होतं. पुढे मिठागर गेलं, त्यावर भराव पडला, आता तिथे कंटेनर उभे असतात. काशीराम घरी बसला. पोरगा रोज जमिनीवरच काम करून येतो आणि आपल्याला मात्र कोणी काही विचारत नाही, हे त्याला लागायचं. तो बोलून दाखवायचा नाही, पण जेवताना प्रणित म्हणाला की सरांच्या अंगणात टेंगळं येतात, तर तो दोनदा म्हणाला होता, "तल कच्चा हाय तुजा." प्रणितने दोन्ही वेळा "बरं" म्हणून भात कालवला होता.

आता सगळं कळलं. अंगण उघडं टाकल्याचं जेवताना ऐकून म्हातारा रिक्षाने आला, सरांच्या बागेतल्या नळाचं पाणी घेतलं आणि दोन दिवस एकट्याने अख्खं अंगण मळलं. सत्तरीच्या माणसाने! आणि घरी येऊन चकार शब्द काढला नाही. का नाही काढला, तेही प्रणितला ठाऊक होतं. मिठागरातली रीत होती ती. तळ मी मळला असं मळणाऱ्याने सांगायचं नसतं. मुकादमाने अनवाणी चालून जायचं, त्याच्या तळपायाला कळायचं की हा कोणाचा हात, म्हणजे पाय. काशीराम महिनाभर वाट बघत होता की पोराच्या पायाला कळेल. पोरगा बूट घालून हिंडत होता.

काम आता सोपं होतं. पहारीने तळाला हात-हातभर अंतरावर भोकं पाडायची, आरपार, खालच्या मुरमापर्यंत. भोकांत खडी भरायची, वर कापड, वर सगळं आधीसारखं. निकेशला घेऊन एका दिवसाचं काम. प्रणितने पहार उचलली. पुन्हा ठेवली. बापाने पायाने केलेला तळ फोडायचा! मिठागरात कोणाचा तळ फोडणं म्हणजे उभं वैर, त्यावरून गावागावांत डोकी फुटली होती. आणि म्हाताऱ्याला सांगायचं काय? की तुमी इतकं चांगलं काम केलं, म्हणून सरांचा पाय थांबला? त्याला हे तोंडातून काढणं जमेना. न सांगता फोडलं आणि उद्या काशीराम हौसेने बघायला आला तर?

"निकेश, तू आज घरी जा," तो म्हणाला. काकूंना म्हणाला, "काकू, सामान यायचंय. उद्या करतो."

मंगळवारी सामान आलं नाही. बुधवारीही आलं नाही. न मागवलेलं सामान येणार तरी कुठून? काकूंनी सरांना धरून ओटीवर फेऱ्या घालायचा एक प्रयत्न केला, पण त्यांची शक्ती किती? दोघंही पडता पडता वाचली. मग सर ओटीवर खुर्चीत बसून राहिले. रात्री जेवताना काशीरामने विचारलं, "सरचा अंगन कसा हाय?"

"चाललंय," प्रणित म्हणाला.

"पानी?"

"पाणी काय... पाऊसच हाय तर पाणी असनारच."

काशीराम ताटाकडे बघून जरासा हसला. प्रणितला ते हसू बघवेना. बाप खूश आहे, सर खुर्चीत आहेत, मधे आपण आहोत आणि आपल्याला काय करायचं ते कळत नाही, असा त्याचा गोंधळ झाला होता. त्याला दोघांचीही माया होती. एकाला दुखवायचं नाही म्हणून तो दुसऱ्याला उद्या, उद्या करत राहिला आणि स्वतःला समजावत राहिला की आजचा एकच दिवस.

गुरुवारी सकाळी तो आंघोळीला गेला होता तेव्हा काकूंचा फोन आला. तो काशीरामने उचलला. प्रणित टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला तर म्हातारा टोपी घालून दारात उभा होता.

"सर खुर्चीवरनं उटला नाय म्हनतान. अंगन उगडा टाकलास तू. चल."

"बाबा, मी बघतो ना, तुमी कशाला—"

"चल बोल्लो ना."

बापाला मोटारसायकलवर मागे बसवून प्रणित निघाला. पहाटे पावसाची सर येऊन गेली होती. अंगणात उघड्या तळावर चार बोटं पाणी साचून राहिलं होतं. ओटीवर सर खुर्चीत, काकू शेजारी चहाचा कप धरून. काशीरामने त्यांना नमस्कार केला, वहाणा काढल्या आणि धोतर वर खोचून पाण्यात पाय घातला. तो हळूहळू मधोमध गेला, टाच दाबून बघितली, दोन पावलं उजवीकडे, दोन डावीकडे. त्याचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत प्रणितने तो असा बघितला नव्हता.

"बग," तो म्हणाला. "थेंब गेला नाय खाली. आता पायाला कलतंय का तुज्या? कोनाचा हाय?"

"कळलं, बाबा," प्रणित म्हणाला. "तुमचा."

काशीराम हसत वर बघत होता. मग त्याने पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गुंडाळून ठेवलेल्या टर्फकडे पाहिलं, खडीच्या ढिगाकडे पाहिलं, खुर्चीतल्या सरांकडे पाहिलं. तो म्हातारा होता, बेअक्कल नव्हता.

"ह्या पान्याला," त्याने सावकाश विचारलं, "खाली जायला पायजे व्हता?"

"हो."

"सगल्या?"

"हो, बाबा."

काशीराम पाण्यात उभा राहिला. काकू काहीतरी बोलणार होत्या, पण सरांनी हात वर केला तशा थांबल्या. मग काशीराम भिंतीपाशी गेला, तिथे टेकवलेली पहार घेतली आणि मधोमध येऊन दोन्ही हातांनी वर उचलली. "बाबा, मी करतो," म्हणत प्रणित पुढे झाला, तेवढ्यात पहार खाली आली. तळ एवढा पक्का होता की पहिल्या दोन घावांत नुसता खळगा पडला. तिसऱ्या घावाला पहार आरपार गेली. काशीरामने ती हलवून बाहेर काढली आणि भोकात पाणी गुळगुळ करत उतरायला लागलं. तो बघत राहिला. मग हातभर सरकला आणि दुसरं भोक पाडायला लागला. चार भोकं पाडून झाली तेव्हा तो धापा टाकत थांबला.

"तुला कवा कलला?"

प्रणितला खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी," तो म्हणाला.

"आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मंग तीन दिस काय केलास?"

"काय नाय. तुमाला वाईट वाटेल म्हनून... मला सांगवेना."

काशीरामने पहार जमिनीत रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. आवाज त्याने चढवला नाही. ओरडला असता तर प्रणितला सोपं गेलं असतं.

"मना वाईट वाटला असता. खरा हाय. एक दिस जेवलो नसतो, दुसऱ्या दिशी जेवलो असतो. मिठागर गेला तवा बी जेवलोच. ह्यो मानूस तीन दिस बसून रायला. त्याचं दिस मोजून दिलेलं हायत, तूच सांगलास ना घरी? ते तीन दिस आता तू कुठनं आननार?"

बापावर माया केली असं प्रणित तीन दिवस समजत होता, आणि बापाला ती माया नको होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. सरांकडे बघायची त्याची हिंमत होईना.

काशीराम चिखलाच्या पायांनी ओटीच्या पायरीपर्यंत गेला. "सर, तल मी मलला. मना वाटला, बरा करतो. चूक माजी हाय. सांज व्हायच्या आत पानी काडून देतो."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काही बोलायला सुरुवात केली, पण शब्द अडकला. मग त्यांनी तो सोडून दिला आणि डावा हात प्रणितच्या दिशेने पुढे केला. उठव, असं त्यांना म्हणायचं होतं.

"अरे, ओटीवर नको, फरशी आहे," काकू म्हणाल्या.

"मी धरतो, काकू," प्रणित म्हणाला. त्याने बूट काढले, ओटीवर चढला आणि सरांच्या उजव्या काखेत हात घातला. सरांचा सगळा भार त्याच्यावर आला. अंगणात पहारीचे घाव परत सुरू झाले होते. सरांनी डावा पाय टाकला. मग उजवा. उजवा पाय फरशीवरून घासत आला. रविवारी संध्याकाळी तो उचलत होता, हे प्रणितने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.